सही कुणाची?

आईच्या सहीपासून सुरुवात करू.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर समुद्राकाठी ओमारू नावाचं गाव आहे. तिथल्या एका रेल्वे कामगाराची बायको म्हणजे लॉटी फ्रेम, पाच मुलांची आई. थोरली मर्टल 1937 साली पोहायला गेली आणि बुडाली. दहा वर्षांनी, 1947 साली, इझाबेलही तशीच गेली. एकुलत्या मुलाला फीट यायच्या आणि घरात पैशाची ओढाताण पाचवीला पुजलेली. तरीही ही बाई कविता करायची, एके काळी त्या दारोदार जाऊन विकायची आणि कामं उरकता उरकता मुलांना कविता म्हणून दाखवायची.

या बाईपुढे एक दिवस मनोरुग्णालयाने कागद ठेवला. तिथे असलेल्या तिच्या मुलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करायची होती आणि त्यासाठी आईची संमती हवी होती. डॉक्टरांनी नाना परींनी समजावलं. एवढी शिकली-सवरलेली माणसं सांगतायत तर खरंच असेल, असं वाटून लॉटीने सही केली.

मुलीचं नाव जॅनेट. पुढे विसाव्या शतकातली न्यूझीलंडची सर्वांत मोठी कादंबरीकार म्हणून जग जिला ओळखू लागलं, ती जॅनेट फ्रेम. तेव्हा तिचं वय 28 होतं. ठरलेली शस्त्रक्रिया ल्यूकोटॉमी, म्हणजेच लोबोटॉमी. मेंदूच्या पुढच्या भागाला आतल्या भागाशी जोडणारे तंतू कापायचे, म्हणजे रोगी ‘शांत’ होतो. हा कुणा भोंदूबाबाचा तोडगा नव्हता. ही पद्धत काढणाऱ्या एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरला 1949 साली नोबेल मिळालेलं होतं. इस्पितळातल्या एका सिस्टरने जॅनेटला धीर देताना एका जुन्या रोगिणीचं उदाहरण दिलं. ती बाई म्हणे वर्षानुवर्षं इथे होती, शस्त्रक्रिया झाली आणि आता टोप्यांच्या दुकानात छान नोकरी करते.

त्या सहीत दुष्टावा नव्हता. होती ती काळजी आणि हतबलता, जोडीला डॉक्टरांवरचा विश्वास. म्हणूनच मला ती सही महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडेही अशा सह्या होतात आणि त्या करणारे बहुतेक वेळा प्रेमाचेच असतात. प्रश्न एवढाच की जिच्या डोक्याला हत्यार लागणार होतं तिला कुणी विचारलं होतं का?

जॅनेट इथवर पोचली कशी, ते आधी पाहू. 1924 साली जन्मलेली ही मुलगी लाजरी होती. लाल कुरळ्या केसांचं ओझं वाटायचं, दात किडलेले म्हणून हसताना तोंड झाकायची आणि मनातल्या मनात आपण कवी होणार असं ठरवून बसलेली. शिक्षिका व्हायचं म्हणून ती डनेडिनला ट्रेनिंग कॉलेजात गेली. 1945 साली एका शाळेत उमेदवारीचं वर्ष चालू होतं. एक दिवस तपासणीला इन्स्पेक्टर वर्गात आले. ‘जरा बाहेर जाऊन येते’ असं म्हणून ती वर्गाबाहेर पडली आणि त्या शाळेत परत कधी गेली नाही. त्याच दिवसांत तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि त्याबद्दल मानसशास्त्राच्या वर्गासाठी लिहिलेल्या आत्मचरित्रपर निबंधात लिहूनही टाकलं. तो निबंध जॉन मनी या तरुण प्राध्यापकाच्या हाती गेला. तिला डनेडिनच्या इस्पितळात मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवलं. काही दिवसांनी आई घरी न्यायला आली. पुन्हा त्या घरात, त्या ओढाताणीत जायचं या कल्पनेनेच जॅनेट ओरडली, आईला परत जा म्हणाली. त्या ओरडण्याची नोंद दुखणं म्हणून झाली आणि घराऐवजी तिची रवानगी सीक्लिफच्या मनोरुग्णालयात झाली.

त्या ओरडण्यात शोक होता, दारिद्र्याची लाज होती, घराचा धाक होता. पण ‘तुला घरी का जायचं नाही?’ हा एक प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही. त्याऐवजी कागदावर स्किझोफ्रेनिया हा शब्द आला. मराठीत आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. एकदा तो शब्द चिकटल्यावर पुढची सगळी वागणूक त्याच शब्दातून वाचली जाऊ लागली. गप्प बसली तरी तो आजार, बोलली तरी तोच.

यातली सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट जॅनेटने स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. सुटून आल्यावर ती जॉन मनीकडे बोलायला जायची. त्याच्याकडून तिला कळलं की व्हॅन गॉग, शूमान अशा माणसांच्या पंगतीत आपल्याला बसवलं जातंय. मग ती पुस्तकं काढून स्किझोफ्रेनियाची लक्षणं वाचू लागली आणि त्याच्यापुढे ती वठवू लागली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देतंय, ते हातचं जाऊ नये म्हणून. ज्या माणसाला साधेपणाने कुणी ऐकत नाही, ते शेवटी दुखण्याच्या भाषेत बोलायला शिकतं. आपल्या घरांतून किती सासुरवाशिणी अंगात आल्यावरच मनातलं बोलू शकल्या, ते आठवून पाहा.

त्यानंतरची सुमारे आठ वर्षं ती इस्पितळात आत-बाहेर होत राहिली. सीक्लिफ, क्राइस्टचर्चचं सनीसाइड, ऑकलंडचं अॅव्हनडेल. क्राइस्टचर्चला तिचे सगळे दात काढले आणि पाठोपाठ सनीसाइडमध्ये विजेचे शॉक सुरू झाले. इझाबेलला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. एकूण 200हून अधिक वेळा शॉक दिले, तेही भूल न देता. प्रत्येक वेळी फाशीला नेत असल्याइतकी भीती वाटायची, असं तिने लिहिलं आहे. 1961 सालच्या तिच्या ‘फेसेस इन द वॉटर’ या कादंबरीत सकाळच्या न्याहारीचं वर्णन कापरं भरवणारं आहे. ज्यांना त्या दिवशी शॉक द्यायचे त्यांना न्याहारी मिळत नसे. त्यामुळे सकाळी आपल्याला खायला मिळणार की नाही, एवढ्यावरून बायकांना आपला दिवस कळायचा.

सीक्लिफच्या इमारतीचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. जॅनेट तिथे जाण्याच्या तीन वर्षं आधी, 8 डिसेंबर 1942 च्या रात्री, तिथल्या पाच नंबरच्या वॉर्डाला आग लागली. वॉर्ड बाहेरून कुलूपबंद होता. 37 बायका जळून मेल्या. सहा दशकं लोटली, देश बदलला, आणि 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला एका खासगी आश्रमाला आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलं होतं. 28 जण बांधल्या जागी मेले. एका ठिकाणी कुलूप होतं, दुसऱ्या ठिकाणी साखळी. दोन्ही ठिकाणी ती लावणाऱ्यांना आपण यांच्या भल्यासाठीच करतोय असं वाटत होतं.

आता जॅनेटच्या शस्त्रक्रियेकडे येऊ. तारीख जवळ आली होती. इतक्यात इस्पितळाचे प्रमुख ब्लेक-पामर वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून वॉर्डात आले. जॅनेटचा ‘द लगून’ हा कथासंग्रह क्राइस्टचर्चच्या कॅक्स्टन प्रेसने काढला होता आणि त्याला ह्यूबर्ट चर्च पारितोषिक जाहीर झालं होतं. आहेस तशीच राहा, तुला बदलायचं नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते तिला म्हणाले. नाव यादीतून निघालं. एका पुस्तकाने मेंदू वाचवला.

ही गोष्ट जगभर सांगितली जाते. जेन कॅम्पियनने 1990 साली जॅनेटच्या आत्मचरित्रावर ‘अॅन एंजल अॅट माय टेबल’ हा सिनेमा काढल्यावर तर ती घरोघरी पोचली. साहित्याची ताकद बघा, म्हणून आपण डोळे पुसतो. मला मात्र ही गोष्ट ऐकून बरं वाटत नाही, आणि कुणालाही वाटू नये असं माझं म्हणणं आहे.

कारण त्याच यादीत नोला होती. आत्मचरित्रात जॅनेटने तिला हेच नाव दिलं आहे. नोला तिची मैत्रीण, दम्याने बेजार झालेली. तिने कथासंग्रह लिहिला नव्हता, तिला पारितोषिक मिळालं नव्हतं. तिची शस्त्रक्रिया झाली. झालेल्या बायकांना फिरायला नेत, त्यांच्या भादरलेल्या डोक्यांवर फुलाफुलांचे रुमाल बांधत, त्यांना नटवत. त्या आज्ञाधारक झाल्या होत्या. पुढे कधीतरी नोला झोपेतच गेली. जॅनेटने तिला विसरू दिलं नाही. पण जॅनेटची गोष्ट सांगताना आपण नोलाला हटकून वगळतो.

नोलाला धरून ती गोष्ट पुन्हा वाचा, मग तिचा अर्थ उलटतो. जिने कर्तृत्व दाखवलं तिचा मेंदू वाचवण्याजोगा ठरला, जिने दाखवलं नाही तिचा नाही. म्हणजे आपला मेंदू आपल्याच मालकीचा राहावा यासाठी बक्षीस लागतं. बक्षीस मिळेपर्यंत आईची सही पुरते. यात साहित्याचा विजय कुठे आहे? हा तर परीक्षकांचा योगायोग. निकाल दोन महिने उशिरा लागला असता तर? मग जगाला जॅनेट फ्रेम हे नावही ऐकू आलं नसतं, आणि ओमारूत एखादी गप्प बाई टोप्या विकत बसली असती. त्या टोप्या विकणाऱ्या बाईचाही स्वतःच्या डोक्यावर तेवढाच हक्क होता, ही साधी गोष्ट आपल्याला ज्या दिवशी पटेल त्या दिवशी या विषयातलं प्रबोधन सुरू झालं असं म्हणता येईल.

या कथेत दुसरं एक समाधान लपलेलं आहे, आणि ते पहिल्यापेक्षाही घातक. 1955 साली जॅनेट सीक्लिफमधून कायमची बाहेर आली. पुढे लंडनला गेली आणि 1957-58 च्या सुमारास स्वतःहून मॉड्सली इस्पितळात दाखल झाली. तिथल्या डॉक्टरांनी काही महिने तिला नीट पाहिलं, ऐकलं आणि निष्कर्ष काढला की या बाईला स्किझोफ्रेनिया कधी नव्हताच. आजचे तिचे जे त्रास आहेत ते बहुतांशी इतकी वर्षं इस्पितळात काढल्याचेच आहेत. हे ऐकून आपण म्हणतो, बघा, शहाण्या बाईला उगीच छळलं. म्हणजे खरंच वेडी असती तर तो छळ चालला असता का? ज्या बायकांचं निदान बरोबर होतं त्यांना भूल न देता शॉक दिले, त्यांच्या वॉर्डाला कुलूप घातलं, ते बरोबर होतं का? माणसाचा सन्मान ‘तसं काही नाहीये हो तिला’ या दाखल्यावर टेकवला, की ज्याच्याकडे तो दाखला नाही त्याला आपण मोकळ्या हाताने बांधू शकतो. जॅनेट आजारी नव्हती म्हणून तिच्यावर अन्याय झाला असं नाही. ती आजारी असती तरी तो तेवढाच अन्याय होता.

तिसरं समाधान कलावंतांना फार आवडतं. प्रतिभा आणि वेड शेजारी शेजारी राहतात, दुःखातून कला जन्मते, वगैरे. जॅनेटच्या आयुष्याने हेही खोडून काढलं आहे. 200 शॉकनी कादंबरी लिहिली नाही. कादंबरी लिहिली ती बाहेर आल्यावर, एका लष्करी खोपटात. ऑकलंडच्या ताकापुना भागात फ्रँक सार्जेसन नावाचे ज्येष्ठ लेखक राहत. 1955 साली त्यांनी तिला आपल्या परसातलं खोपट राहायला दिलं. सकाळी लिहायचं, वेळेवर जेवायचं, संध्याकाळी गप्पा. सार्जेसन खोपटावरून गेले की आपण रिकामे बसलोय असं त्यांना वाटू नये म्हणून ती टाइपरायटरवर सरावाची ओळच उगीच बडवत बसायची. एवढी ती धास्तावलेली होती. पण त्या खोपटात ‘आउल्स डू क्राय’ ही तिची पहिली कादंबरी पुरी झाली आणि 1957 साली छापून आली. आणि पाहा, त्या कादंबरीतल्या डॅफ्नीच्या वाट्याला तिने नेमकी तीच शस्त्रक्रिया दिली जी स्वतः तिची टळली होती. वाचलेल्या माणसाने न वाचलेल्याची बाजू मांडली. प्रतिभा म्हणायची तर हीच, आणि तिला एक खोली, दोन वेळचं जेवण आणि विश्वास टाकणारं एक माणूस लागलं.

मॉड्सलीतही नेमकं तेच झालं. रॉबर्ट कॉली या डॉक्टरांनी तिला काय औषध दिलं? लिही, एकटं राहावंसं वाटतं तर एकटी राहा, लोकांत मिसळलंच पाहिजे असं काही नाही. इस्पितळातल्या दिवसांवर लिहायला त्यांनीच सुचवलं. ‘फेसेस इन द वॉटर’ तिने त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांना अर्पण केली. म्हणजे ही मनोविकारशास्त्राविरुद्धची कहाणी नाही हे लक्षात घ्या. जॅनेटला उद्ध्वस्त केलं तेही डॉक्टर होते आणि उभं केलं तेही डॉक्टरच. दोघांत फरक औषधाचा कमी आणि कानांचा जास्त होता.

स्किझोफ्रेनियाचा शिक्का गेला तेव्हा तिला आनंद होण्याऐवजी आधी पोकळी जाणवली, हेही तिने प्रांजळपणे लिहिलं आहे. इतकी वर्षं तो शब्दच तिचं घर झाला होता. त्याच काळात, 1958 साली, तिने कायद्याने आपलं नाव बदलून घेतलं. नेने जॅनेट पॅटर्सन क्लूथा. नेने हे एका माओरी पुढाऱ्याच्या नावातून घेतलेलं, क्लूथा ही तिच्या प्रांतातली नदी. पुस्तकांवर जॅनेट फ्रेम हेच नाव राहिलं, पण सरकारी कागदांवर आता ती स्वतः निवडलेल्या नावाने सही करू लागली. ज्या बाईच्या डोक्याच्या कागदावर दुसऱ्याची सही चालली होती, तिने आपली सही आपल्या हाती घेतली. पुढे 11 कादंबऱ्या हयातीत आल्या, तीन खंडांचं आत्मचरित्र आलं, 1990 साली देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. 2004 साली डनेडिनला ती वारली. आणि मेल्यावर तीन वर्षांनी एका वैद्यकीय नियतकालिकात कुणीतरी लिहिलं की तिला ऑटिझम असावा. ज्याच्यावर एकदा शिक्का बसला त्याच्यावर मेल्यावरही दुसरा मारायला हात शिवशिवतात.

आता जरा आपल्या अंगणात पाहू.

लहानपणी जॅनेट ओमारूहून डनेडिनला जाणाऱ्या गाडीत बसायची तेव्हा वाटेत सीक्लिफ स्टेशन लागायचं आणि ‘वेडे’ दिसतात का म्हणून लोक खिडकीतून तिरक्या नजरेने पाहायचे. आपल्यालाही ती नजर अनोळखी नाही. पुण्याकडे येरवडा, मुंबईकडे ठाणे, कोकणात रत्नागिरी. या गावांची नावं घेऊन आपण सहज चेष्टा करतो. ‘याला आता ठाण्याला पोचवा’, ‘येरवड्याला जागा रिकामी आहे का बघा’. त्या गावांत सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे आपल्यासारख्याच घरांतली माणसं राहतात, हे चेष्टेत विसरायला होतं.

आपली भाषाही मोठी गमतीची आहे. मराठीत वेड या शब्दाला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने नाटकाचं वेड, गडकोटांचं वेड, स्वातंत्र्याचं वेड. त्या वेडाचे आपण पोवाडे गातो. मागच्या दाराने वेडा, वेडसर, डोक्यावर परिणाम झालेला. त्याच्याबद्दल आपण आवाज खाली आणून बोलतो. मधुमेहाच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर असतात, मनाच्या गोळ्या कपाटात साड्यांखाली. पाहुणे आले की ती व्यक्ती आतल्या खोलीत. लग्न ठरवताना ‘घराण्यात तसं काही नाही ना?’ हा प्रश्न पत्रिकेच्याही आधी येतो. बाधा झाली म्हणून देवऋष्याकडे, तिथे गुण आला नाही की डॉक्टरकडे, आणि तिथून गुण येईपर्यंत सगळ्यांपासून लपवत. या सगळ्या प्रवासात निर्णय घरचे घेतात. ज्याला त्रास होतोय तो फक्त नेला जातो.

कायदा मात्र आपल्या पुढे गेलेला आहे, हे आपल्याला फारसं ठाऊकच नाही. 2017 सालचा मानसिक आरोग्य कायदा वाचला तर वाटतं, कुणीतरी जॅनेट आणि नोलाची गोष्ट समोर ठेवूनच तो लिहिला असावा. प्रचलित नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक समजुतींप्रमाणे कुणी वागत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. पूर्वी उपचार झाले होते किंवा इस्पितळात राहावं लागलं होतं, तेवढंच आजच्या निदानाला कारण होऊ शकत नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास बंदी. मेंदूवरची शस्त्रक्रिया करायची तर ज्याच्यावर करायची त्याची स्वतःची समजून-उमजून दिलेली संमती हवी आणि कायद्याने नेमलेल्या मंडळाची परवानगीही हवी. साखळीला पूर्ण मज्जाव. आणि सगळ्यांत मोलाची तरतूद म्हणजे, बरं असताना माणूस लिहून ठेवू शकतो की उद्या माझी स्थिती बिघडली तर मला कोणते उपचार चालतील, कोणते नकोत आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. म्हणजे सही ज्याची त्याची.

आपल्यापैकी किती घरांत असा कागद लिहिला गेला आहे? मृत्युपत्र आपण करतो, विम्याला वारस लावतो, पण आपल्या मनाचा वारस कोण हे ठरवायला आपल्याला भीती वाटते.

कायद्यातही अजून एक कोपरा अंधारात आहे. हिंदू विवाह कायद्यात फीट येणं ही एके काळी लग्नाला आड येणारी गोष्ट होती. 1999 साली तो उल्लेख काढला गेला. जॅनेटच्या भावासारख्या माणसांवरचा एक डाग पुसला गेला. पण घटस्फोटाच्या कलमात स्किझोफ्रेनियाचं नाव आजही घातलेलं आहे. दुखणं इतकं असावं की सोबत राहणं अशक्य व्हावं, अशी अट आहे, आणि नुसता आजाराचा शिक्का पुरेसा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच सांगितलं आहे. तरीही एकाच आजाराचं नाव कायद्यात का? सोबत राहणं अशक्य करणारी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यातली बहुतेक ठणठणीत शहाणी असतात.

इथे कुणी रास्त शंका घेईल. बोलणं सोपं आहे, रात्री-बेरात्री घर सोडून जाणाऱ्या मुलामागे धावणाऱ्या आईला विचारा. कधी कधी माणसाला आपण आजारी आहोत हेच कळत नाही, मग विचारायचं कुणाला? ही शंका खरी आहे आणि त्या आईचा थकवाही खरा आहे. लॉटी फ्रेमही अशीच थकलेली होती. कायद्यानेही अशा अवस्थेसाठी मर्यादित मुदतीचे, देखरेखीखालचे उपचार मान्य केले आहेत. प्रश्न तात्पुरत्या अवस्थेचा नाही. प्रश्न आहे तो त्या अवस्थेनंतरही आयुष्यभर न विचारण्याचा. ताप चढल्यावर माणूस बरळतो, म्हणून ताप उतरल्यावर त्याचं बोलणं बंद करत नाही आपण.

आपल्या प्रबोधनाच्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे बायकांची डोकी भादरली जात होती. विधवेचं केशवपन. तेही तिच्या भल्यासाठी, घराण्याच्या अब्रूसाठी. तिला कुणी विचारत नव्हतं. सुधारकांनी लेख लिहिले, भाषणं केली, शिव्या खाल्ल्या. पण मला सगळ्यांत भावतो तो मुंबईच्या न्हाव्यांचा संप. 1890 च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवलं, आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. शास्त्र काय सांगतं यावर पंडित भांडत होते. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याने तो खाली ठेवला. आणि त्याने असं विचारलं नाही की या विधवेने काही पुस्तक लिहिलंय का, हिला काही बक्षीस मिळालंय का.

ब्लेक-पामर यांनीही हत्यार थांबवलं, पण एकीसाठी, आणि बातमी वाचल्यावर. त्या न्हाव्यांनी सगळ्यांसाठी थांबवलं, तेही कुठलीही बातमी न वाचता. आपण कुणाचे वारस व्हायचं ते ठरवायला हवं.

वस्तरा आज आपल्या सगळ्यांच्या हातात थोडा थोडा आहे. इन्स्पेक्टर आल्यावर वर्गाबाहेर पडलेल्या मुलीकडे बघणाऱ्या मुख्याध्यापकांच्या हातात, सून ‘जरा विचित्र’ आहे म्हणणाऱ्या शेजारणीच्या हातात, कथा-सिनेमात खुनी दाखवायचा झाला की त्याला मनोरुग्ण करून टाकणाऱ्या लेखकाच्या हातात. आणि सर्वांत जास्त, घरच्यांच्या हातात.

तपासणीच्या खोलीत अजूनही एक चित्र हमखास दिसतं. डॉक्टर टेबलापलीकडे. अलीकडे आई किंवा भाऊ किंवा नवरा. आणि जिला त्रास होतोय ती एका कडेला, पदराचं टोक चिवडत. डॉक्टर घरच्यांना विचारतात, ‘काय होतं यांना?’ आणि घरचे सांगू लागतात. झोपत नाही, जेवत नाही, बडबडते, चिडते. ती ऐकत असते. आपल्याबद्दलच ऐकत असते.

लॉटी फ्रेमने सही करण्याआधी एकदा त्या कडेच्या खुर्चीकडे वळून पाहिलं असतं तर? तिला दोष देऊन काही होणार नाही, तिला वळून बघायला कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्याला आता माहीत आहे. पुढच्या खेपेला त्या टेबलापुढे बसायची वेळ आली, प्रश्न आपल्याकडे आला आणि उत्तर जिभेवर आलं, तर ते गिळायचं. खुर्ची जराशी वळवायची आणि म्हणायचं, ‘डॉक्टर, तिलाच विचारा ना.’ ती लगेच बोलणार नाही कदाचित. तिला सवय नाही. तेवढा वेळ थांबायचं.